डांबरगोळीवाल्या बाई

माणसाला जगायला जेवढा श्वास लागतो, त्याच्या निम्म्यात भागवणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या डांबरगोळीवाल्या बाई. योगी लोक मोक्षासाठी श्वास रोखतात असं ऐकून आहे. बाई रोखायच्या तो कागदावरच्या एका रेषेसाठी. चहा पिताना रोखायच्या, रस्ता ओलांडताना रोखायच्या, समोरचा माणूस बोलायला लागला की रोखायच्या आणि त्याचं संपलं की मान एका बाजूला वळवून हळूच सोडायच्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या वासांना कंटाळून आम्ही सगळेच अधूनमधून नाक दाबायचो, पण बाईंचं कारण वेगळं होतं. वर्षानुवर्षं एका यंत्रासमोर बसून त्यांना ती सवयच जडली होती. ते यंत्र इतकं हळवं, की खोलीत कुणी सुस्कारा टाकला तरी त्याच्या कागदावर उमटायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तळवलीची आमची शेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं होतं, आणि मी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेऊन लेथ, ग्राइंडर आणि दोन ड्रिल मशीन टाकली होती. आबा, म्हणजे माझे वडील, दिवसभर गाळ्याच्या दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे. एका शनिवारी दुपारी पन्नाशीच्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, कान बुच्चे, आणि अंगाला लोखंडी ट्रंक उघडल्यावर येतो तसला डांबरगोळ्यांचा घमघमाट. त्यांनी पिशवीतून काडेपेटी काढली, काडेपेटीतून कापूस काढला आणि कापसातून शर्टाच्या बटणाएवढी स्टीलची चकती काढली. चकतीच्या मध्यावर नखाने दाबल्यासारखी एक खोलगट खूण होती.

"या खुणेच्या बरोबर मध्ये आरपार भोक पाडायचंय," बाई म्हणाल्या.

"केवढं?"

बाईंनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटला आणि माझ्या टेबलावर आडवा ठेवला. "असे दोन शेजारी शेजारी बसतील एवढं. तिसरा मावता कामा नये."

माझ्याकडे येणारे लोक बोटभर, हातभर भोकं मागायचे. केसाने मापून देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहत होतो. नाही म्हणायला हवं होतं, पण आबा समोर होते आणि त्यांच्यापुढे 'जमत नाही' म्हणायची मला लाज वाटली. घड्याळजी वापरतात ती बारीक ड्रिल आणली, भिंग लावलं आणि पुढचा महिनाभर मी फक्त ड्रिल मोडत बसलो. बाई दर शनिवारी यायच्या, बिघडलेल्या चकत्या भिंगाखाली धरायच्या आणि "पूर्वेला सरकलंय हो शेठ," असं म्हणून पुढची द्यायच्या. त्या चकतीवर पूर्व-पश्चिम कुठली ते मला कधीच कळलं नाही. पण ज्या शनिवारी भोक बरोबर मधोमध पडलं, त्या दिवशी बाईंनी इतका वेळ श्वास रोखून पाहिलं की आबाच घाबरले. "बाई, सोरा आता. भोक कुटं पलून जात नाय," ते म्हणाले.

बाई जवळच्याच एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होत्या. कच्चा माल आला की तो इन्फ्रारेडच्या यंत्रात घालायचा, कागदावर रेषा उमटली की ती पाहून माल खरा की भेसळीचा ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. ड्युटी संपली की तेच यंत्र त्यांचं स्वतःचं व्हायचं. मग त्या पिशवीतून स्वतः तयार केलेलं एक हत्यार काढायच्या. दिसायला थेट अडकित्ता. दोन दांड्या, मधे बिजागरी, दांड्या जवळ आणायला स्क्रू. अडकित्त्यात सुपारी धरतात त्या जागी दोन हिरे, टोकाला टोक भिडवून. दोन हिऱ्यांच्या मधे माझी चकती, आणि चकतीच्या त्या केसभर भोकात डांबरगोळीचा कण.

हे हिरे म्हणजे बाईंच्या आईने त्यांच्या लग्नासाठी करून ठेवलेल्या कुड्यांतले. बाईंनी ते कुड्यांतून काढून, टोकं घासून सपाट करून आणली होती. एकदा बाई आमच्या घरी आल्या असताना माझ्या बायकोने हे ऐकलं, तेव्हा ती हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अहो बाई, कुड्या कुणी मोडतं का?" बाई शांतपणे म्हणाल्या, "लग्न राहूनच गेलं. हिरे तरी किती दिवस बसवून ठेवायचे, लावले कामाला." बायको त्यानंतर आठवडाभर स्वतःची कानातली चाचपत होती.

आता त्या भोकात दाब किती पडतो, हे मला समजावताना बाईंनी आमच्या तीन माणसांना उभं केलं. हे तिघे एकमेकांच्या खांद्यावर चढले, आणि सगळ्यांत खालचा टाचणीच्या डोक्याहून लहान जागेवर एका पायावर उभा राहिला, तर जेवढं होईल तेवढं. ग्राइंडरवाल्याने लगेच विचारलं, की खालचा मी का. हायड्रॉलिक प्रेस मी पाहिले होते, त्यांचा आवाज, त्यांचं तेल, त्यांचा माज, सगळं पाहिलं होतं. इथे या बाई बोटांनी स्क्रू फिरवून जमिनीच्या शेकडो किलोमीटर खाली असतो तसला दाब तयार करत होत्या, आणि मधेच स्क्रू सोडून पदराने घाम पुसत होत्या.

"पण आत काय चाललंय ते कळतं कसं? चिरडलेलंच दिसणार ना सगळं?" मी विचारलं.

"शेठ, तुम्ही रिक्षातून उतरता तेव्हा आत कुठलं मशीन चालू आहे ते गेटवरूनच ओळखता ना? लेथचा सूर वेगळा, ग्राइंडरचा वेगळा?"

"हो. बेअरिंग खराब असेल तर तेपण कळतं."

"तसंच. प्रत्येक पदार्थाच्या आत अणू एकमेकांना धरून थरथरत असतात. ज्याची त्याची थरथर ठरलेली. जे ऊन अंगाला लागतं पण डोळ्यांना दिसत नाही, ते आतून सोडलं की ज्याची थरथर ज्या सुराची, तो तेवढंच ऊन खातो. कागदावर तिथे खड्डा पडतो. खड्ड्यावरून आत कोण बसलंय ते सांगायचं."

इतकं सोपं मला आयुष्यात कुणी काही सांगितलं नव्हतं. नवी मुंबईत खड्डा दिसला की लोक शिव्या देत, आणि खड्डा दिसला की हरखून जाणारी ही एकच व्यक्ती होती.

आबांशी त्यांचं विशेष जमायचं, त्याचं कारण मीठ. बाईंच्या यंत्रात काचेच्या जागी मिठाच्या वड्या असत. ते न दिसणारं ऊन काच अडवते आणि मीठ सोडून देतं, असं त्यांनी आबांना सांगितलं. चाळीस वर्षं मिठागरात काढलेल्या माणसाला ही बातमीच होती. आबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "तरीच. मिठाच्या रासीवर उभं रायलं का पाय भाजाचं. ऊन वरून पन आनि खालून पन." बाईंनी हे पिशवीतल्या वहीत लिहून घेतलं. पावसाळ्यात खाडीचा दमट वारा सुटला की त्यांच्या मिठाच्या वड्या पाझरायच्या, आणि त्या कशा राखाव्यात हे विचारायला त्या कारखान्याच्या साहेबाकडे न जाता आमच्या आबांकडे यायच्या.

एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. दारातच बजावलं, की आत बोलायचं नाही, आणि श्वास घ्यायचाच झाला तर खिडकीकडे तोंड करून. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. यंत्राचा पेन कागदावर मुंगीच्या चालीने सरकत होता. दोन मिनिटांनी मला राहवलं नाही आणि मी एक मोठा श्वास सोडला. पेन थबकल्यासारखा झाला आणि रेषेत दोन बारीक दात उमटले, शेजारी शेजारी. बाईंनी त्यांवर बोट ठेवलं. "हे तुम्ही," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, ओळख करून दिल्यासारखं म्हणाल्या. स्वतःचा श्वास शाईत पाहिलेला मी आमच्या गावातला पहिलाच माणूस असेन.

या सगळ्या खटाटोपाला एक हेतू होता. डांबरगोळीत कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या दाबत नेल्या तर एका क्षणी तुटतील, एकमेकींचे हात धरतील आणि त्यांच्या साखळ्या होतील, असं बाईंना वाटायचं. तसं झालं की कागदावर एका ठरावीक जागी, जिथे डांबरगोळीचं काहीच नसतं तिथे, नवा खड्डा पडायला हवा. त्या खड्ड्यासाठी त्या, माझ्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून, आठ वर्षं दाबत होत्या. आबांनी एकदा विचारलं, "मंग साखल्या झाल्यावर काय करनार?" बाईंना प्रश्नच कळला नाही. "आबा, झाल्या हे कळेल ना," त्या म्हणाल्या. आबांनी मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

चकत्या वापरण्याआधी बाई स्वतः ॲसिटोनमध्ये धुवायच्या. एका शनिवारी मी त्यांची बोटं पाहिली. कातडी सोलवटली होती, नखांशी भेगा पडल्या होत्या. "बाई, आजपासून मी धुऊन देणार. तुम्ही टेन्शन घेऊ नका, काडेपेटीतून काढायच्या आणि डायरेक्ट लावायच्या," मी म्हटलं. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग मानलं. मी आधी पेट्रोलने, मग त्यांच्याच ॲसिटोनने चकत्या धुवायचो, वाळवायचो आणि कापसात ठेवून द्यायचो. एवढं मन लावून मी घरातलं एक भांडं धुतलेलं नाही. बाई भिंगाखाली पाहून म्हणायच्या, "किती चकचकीत देता हो शेठ." मला दिवसभर पुरायचं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी बाई पेढे घेऊन आल्या. खड्डा पडला होता. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी दाबाला पडला होता, आणि दाब वाढवावा तसा खोल होत होता. त्यांनी चारदा पाहिलं होतं. हैदराबादला शास्त्रज्ञांची परिषद होती, तिथे त्यांनी कळवलं होतं आणि तिथून बोलावणं आलं होतं. कारखान्यातल्या एका बाईला त्या व्यासपीठावर उभं राहायला मिळणार होतं. बाईंनी श्वास रोखला नव्हता, भराभरा बोलत होत्या, कानांच्या बुच्च्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कागद टेबलावर पसरून त्यांनी मला जागा दाखवली. "हा खड्डा मेणात असतो, तुपात असतो, तेलात असतो. डांबरगोळीत नसतो. डांबरगोळीत आला, म्हणजे कड्या तुटल्याच."

मी पेढा तोंडात टाकला होता. उजव्या हाताशी, नेहमीच्या जागी, तेलाचं फडकं होतं.

आमच्या धंद्यात उघडं स्टील कुणी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. खाडीची हवा एका रात्रीत गंज चढवते, म्हणून काम संपलं की नगावरून तेलाचं फडकं फिरवायचं आणि मगच टेबलावरून उचलायचा. ज्या उस्तादाकडे मी शिकलो, तो तेल न लावलेला नग फेकून मारायचा. बाईंच्या चकत्या स्टेनलेसच्या, त्यांना गंज चढलाच नसता. पण हे डोक्याला माहीत होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या कष्टाने धुतलेली प्रत्येक चकती, कापसात ठेवण्याआधी, मी त्या फडक्यावरून फिरवली होती. बाईंना ती चकचकीत दिसायची ती त्यामुळे.

बाई इतक्या आनंदात होत्या की माझी जीभ उचलली नाही. एवढंसं तेल, ते काय दिसणार, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण माझा एक श्वास ज्या यंत्राने पकडला होता, त्याला मी कसं फसवणार? तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, तोंड का उतरलंय. मी सांगितलं.

"बाईला ठावं हाय?"

"नाही."

"मंग ती तिकरं जाऊन सांगनार, आनि तू हितं बसून र्‍हानार?" आबा म्हणाले. "उठ. तेलाची बाटली पन घे. तिला लागंल."

कारखान्यापर्यंत चालत दहा मिनिटं लागत, मला तासभर लागल्यासारखं वाटलं. बाई यंत्रासमोर होत्या. मी खिडकीकडे तोंड करून, एका दमात सगळं सांगून टाकलं. मागे वळलो तर बाई माझ्याकडे पाहत होत्या. रडतील, ओरडतील, हाकलून देतील, सगळ्याची तयारी होती. त्यांनी विचारलं, "तेल कुठलं?"

"मशीनचं. पातळ."

"आणलंय?"

मी बाटली पुढे केली. बाईंनी एक थेंब मिठाच्या दोन वड्यांमध्ये दाबला, यंत्रात ठेवला आणि पेन सुरू केला. मग त्यांनी तो कागद आणि आठ वर्षांनी मिळालेला तो कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. उजेड आरपार आला. खड्ड्यावर खड्डा बसला, शेजारच्या लहान खड्ड्यावर लहान खड्डा बसला. तिसरा केस मावायला जागा नव्हती.

"जुळलं," बाई म्हणाल्या. कच्चा माल पास करताना म्हणायच्या त्याच आवाजात. मग त्या कागदाकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दाब वाढला की भोक आक्रसतं. काठावरचं तेल आत सरकतं. म्हणून तो वाढत होता. तुलनेसाठी डांबरगोळी न घालता रिकाम्या चकतीचा कागद काढतात, तो मी जुनी, माझ्या हातची धुतलेली चकती लावून काढला होता. म्हणून त्यात नव्हता." प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा चेहरा मोकळा होत गेला. आठ वर्षं हातातून गेलेली बाई, आणि तिला कोडं सुटल्याचा आनंद होत होता. मी असा माणूस पुन्हा पाहिला नाही. मला तिथे उभं राहून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी खरोखरच वाकलो, तर त्यांना वाटलं माझं काही खाली पडलं.

परिषदेला पत्र त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं. 'माझ्याकडून चूक झाली, मी निष्कर्ष मागे घेत आहे.' त्यात वर्कशॉपचा उल्लेख नव्हता. "माझं नाव घाला ना बाई, खरं तेच आहे," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "चकती तुम्ही दिलीत. यंत्रात घातली मी." हैदराबादचं तिकीट त्यांनी पाकिटातून काढून टेबलाच्या खणात ठेवलं. तेवढं करताना मात्र त्यांचा हात थोडा वेळ खणावरच राहिला.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. अडकित्त्यात चकती लावली, आणि भोकात या वेळी डांबरगोळी घातली नाही. माझ्या बाटलीतलं तेल घातलं. "एवढा दाब पडल्यावर तेल काय करतं ते बघायचंय," त्या म्हणाल्या. पेन सुरू झाला तसा मी सवयीने खिडकीकडे वळलो आणि श्वास धरला. "घ्या हो श्वास," मागून बाई म्हणाल्या. "आज परीक्षा नाहीये." त्यांनी स्टूल ओढलं, चहा मागवला आणि कागद पुढे सरकत असताना तासभर गप्पा मारल्या. आईच्या कुड्यांबद्दल बोलल्या, पाहायला आलेल्या आणि ट्रंकेतल्या साडीच्या डांबरगोळ्यांच्या वासाने परत गेलेल्या एका मुलाबद्दल बोलल्या, आणि खूप हसल्या. त्या इतका श्वास घेतात हे मला माहीतच नव्हतं. निघताना कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. "ठेवा. तुमचं तेल इतकं दाबून कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही."

त्यानंतरही दोन-तीन वर्षं त्या दाबत राहिल्या, चकत्या स्वतः धुऊन. खड्डा पडला नाही. "आहे, पण अजून खाली आहे," एवढंच म्हणायच्या. मग एका हिऱ्याला चीर गेली, आणि त्याच सुमारास कारखाना गुजरातेत हलला. बाई बहिणीकडे सांगलीला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा नाकात चमकी होती, उरलेल्या हिऱ्याची, टोक घासलेली. आबांनी त्यांना मिठाची पुरचुंडी दिली, आमच्या मिठागरातलं शेवटचं म्हणून घरात जपून ठेवलेलं. बाईंनी ती चकत्यांच्या काडेपेटीत ठेवली. आबा गेले तेव्हा मी कळवलं, त्यावर त्यांचं पत्र आलं. नंतर पत्रं थांबली.

बाईंनी दिलेला तो तेलाचा कागद मी काचेत बसवून गाळ्यात लावला होता, आता घरी आहे. शाई फिकट झाली आहे. मधला मोठा खड्डा माझ्या तेलाचा, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो. जरा पुढे, चष्मा लावला तरच दिसतात असे दोन बारीक दात आहेत, त्या दिवशीच्या श्वासांचे. त्यातला एक माझा आणि एक बाईंचा, असं मी धरून चाललो आहे. शास्त्राप्रमाणे ते चूक आहे, एकट्या माणसाच्या श्वासालाही दोनच दात पडतात. बाई असत्या तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं असतं, आणि मी मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.